शेपटीसकट वानर हवं: माकडांच्या जुन्या प्राणिचित्रांची पारख

घरात माकडांची जुनी शास्त्रीय चित्रं लावायची टूम आता बडोद्याच्या फ्लॅटांतही शिरली आहे, आणि टूम वाईट नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली ही चित्रं रंगाने शांत असतात, भिंतीवर ओरडत नाहीत आणि बारकाईने बघणाऱ्याला वर्षानुवर्षं पुरतात. घरातली ज्येष्ठ मंडळी 'मारुती लावा की, माकडं कशाला' म्हणतील, पण तीही दोन दिवसांत जवळ जाऊन तोंडं न्याहाळू लागतात. तक्रार चित्रांबद्दल नाही, ती ज्या रूपात विकली जातात त्याबद्दल आहे.

चित्रं घरी यायला तीन वाटा आहेत: ऑनलाइन मिळणारा तयार फ्रेमचा संच, परदेशातल्या विक्रेत्याकडून टपालाने मागवलेलं खरं जुनं पान, किंवा ग्रंथालयांच्या मोफत स्कॅनवरून गावातच काढून घेतलेली छपाई. आमचा कौल तिसऱ्या वाटेला, एका अटीवर. चित्र मूळ मापाच्या आसपासच छापायचं.

ही अट का, ते आधी. ही सगळी पुस्तकांची पानं होती; मेजावर ठेवून हातभर अंतरावरून बघायची. अंगावरचा एकेक केस अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघेने कोरलेला. तेच चित्र तीन फुटी कॅनव्हासवर ताणलं की रेघेची सुतळी होते आणि माकडाच्या पाठीवर केसांऐवजी वाळलेलं गवत दिसतं. चार इंचांचं चित्र चार इंचांचं राहू द्या, फार तर दीडपट करा. भिंत भरायचीच असेल तर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, रुंद ठेवा, नाही तर एकाऐवजी सहा-आठ चित्रं लावा.

आता तयार संच. सहा किंवा नऊ चित्रं, एमडीएफवर चिकटवलेली किंवा प्लास्टिकच्या पट्टीत बसवलेली, काचेच्या जागी पातळ पारदर्शक पत्रा. स्वस्त पडतो, त्याच दिवशी लागतो, आणि लांबून बरा दिसतो. जवळ गेलं की पहिली खोट कापणीत सापडते. सगळ्या फ्रेमा एका मापाच्या, म्हणून सगळी चित्रं एकाच साच्यात कापलेली. वानराची शेपटी धडापेक्षा लांब असते. जुने चित्रकार ती पाठीवर कमानीसारखी वर घेत किंवा फांदीखाली पूर्ण सोडत, कारण शेपटीची लांबी ही जात ओळखायची खूण होती. संचात नेमकी तीच उडते. तिच्याबरोबर खालची ओळही जाते. डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव आणि पुढे बारीक अक्षरांत 'डेल.', उजवीकडे कोरणाऱ्याचं नाव आणि 'स्कल्प.', मध्ये प्राण्याचं लॅटिन नाव. ही ओळ म्हणजे चित्राचा सातबारा. ती गेली की उरतं ते नुसतं माकड.

दुसरी खोट काळोखाची. माकडांच्या चित्रांत गडद तपकिरी आणि काळा यांचाच कारभार असतो. सिंहपुच्छ माकडाचं अंग काळं, भोवती राखाडी आयाळ. आपल्या वानराचं तोंड काळं आणि त्यात डोळे. स्वस्त छपाईत हे सगळे काळे एकात एक मिसळतात आणि तोंडाच्या जागी डांबराचा ठिपका राहतो. त्यावर 'जुनाट दिसावं' म्हणून चढवलेला पिवळा थर ऱ्हिसस माकडाच्या गुलाबी चेहऱ्याला नारिंगी करून टाकतो. तयार संच घ्यायचाच असेल तर विक्रेत्याकडे सर्वांत काळ्या चित्राचा जवळून काढलेला फोटो मागा. डोळा आणि कपाळ यांत फरक दिसत नसेल तर तिथेच थांबा.

तिसरी खोट अलीकडची. संचातली काही चित्रं कुठल्याच पुस्तकातली नसतात, यंत्राने 'जुन्या धाटणीत' बनवलेली असतात. खालच्या लॅटिनसारख्या अक्षरांना अर्थ नसतो. पण अक्षरं कापलेली असली तरी माकडाच्या अंगावरून पारख होते. शेपटीने फांदीला विळखा घालून लोंबकळणं फक्त अमेरिका खंडातल्या काही माकडांना जमतं. आशिया-आफ्रिकेतलं एकही माकड हे करत नाही. तेव्हा काळतोंड्या वानर शेपटीला लटकलेला दिसला की चित्र खोटं. नाकपुड्या बघा: आपल्याकडच्या माकडांच्या जवळजवळ आणि खाली वळलेल्या, अमेरिकेतल्यांच्या दूरदूर आणि बाजूला उघडणाऱ्या. बोटं मोजा, पण सावधपणे. हाताला चारच बोटं दिसली म्हणून लगेच निकाल देऊ नका, कारण दक्षिण अमेरिकेतल्या कोळी-माकडाला आणि आफ्रिकेतल्या कोलोबसला अंगठा जवळजवळ नसतोच. सहा बोटं मात्र कुणालाच नाहीत.

उलट बाजूही सांगायला हवी. खऱ्या जुन्या चित्रांतही चुका भरपूर आहेत. पुष्कळदा चित्रकारापुढे पेंढा भरलेलं कातडं असे, नाही तर साखळीला बांधलेलं एखादं माकड. म्हणून माकडं दोन पायांवर ताठ उभी, हातात काठी, चेहरा एखाद्या म्हाताऱ्या कारकुनासारखा. काठी धरलेलं माकड बनावट नव्हे. उलट अठराव्या शतकाची ती ओळखच आहे.

खरी जुनी पानं घ्यायची तर सुरुवात लहान मापापासून करावी. स्कॉटलंडच्या विल्यम जार्डिनने १८३३ ते १८४३ या काळात चाळीस खंडांची स्वस्त निसर्गमाला काढली. तिचा माकडांचा खंड १८३३ चा, ठसे विल्यम लिझार्स याचे. पान साधारण साडेसहा बाय चार इंच. माकड हाताने रंगवलेलं आणि मागचं झाड-डोंगर बहुतेक नुसत्या काळ्या रेघांत. या एका युक्तीमुळे चित्र भिंतीवर फार छान उठतं. कागद चिंध्यांचा, म्हणून दोनशे वर्षांच्या घरात आला तरी मऊ आणि चिवट. पहिल्यांदाच घेणाऱ्याला आम्ही हेच सुचवू.

बुफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या निसर्गेतिहासाचे माकडांचे खंड १७६६ आणि १७६७ चे. चित्रं जाक द सेव्हची, आणि गंमत त्यांच्या बैठकीत आहे: प्रत्येक माकड एखाद्या रंगमंचावर उभं केल्यासारखं. त्या पहिल्या आवृत्तीतली ही पानं काळ्या शाईतच छापली होती. 'बुफाँ, पहिली आवृत्ती, मूळ रंग' असं कुणी लिहीत असेल तर रंग नंतर चढवलेला आहे असं धरून किंमत ठरवा. याच खंडातल्या सिंहपुच्छ माकडाचं नाव 'वांदेरू' आहे. तो शब्द सिंहली, आणि त्याचं मूळ आपल्या 'वानर'मध्ये. गुजराती 'वांदरो' त्याचाच भाऊ. मौज अशी की हे माकड श्रीलंकेत नाहीच, ते फक्त सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या जंगलांत असतं. नाव बेटावरचं, माकड घाटातलं, छपाई पॅरिसची. बडोद्याच्या मराठी घरात लावायला याहून चांगलं चित्र शोधून सापडणार नाही.

ओदबेर या फ्रेंच चित्रकाराचा माकडांचा ग्रंथ हे या प्रकारातलं शिखर. १८०० च्या आसपास पॅरिसला पूर्ण झाला, साठाहून अधिक पट्टिका, मोठी फोलिओ पानं, आणि रंग हाताने न भरता एकाच तांब्याच्या पट्टिकेवर लावून छापलेले. 'ऱ्हिसस' हे नावही त्याचंच. काळतोंड्या वानरही त्यात आहे, 'आंतेल' या नावाने. १७९७ मध्ये द्युफ्रेन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने या वानराला एंटेलस हे नाव दिलं, लॅटिन महाकाव्यातल्या एका म्हाताऱ्या मुष्टियोद्ध्याचं. आपल्याकडे हनुमान, त्यांच्याकडे पहिलवान. फार लांब गेले नाहीत. मूळ पानं महाग असतात आणि त्यांना आपल्या उन्हात टांगणं पाप आहे. ओदबेर हवा असेल तर छपाईच घ्या.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली जर्मन विश्वकोशांची रंगीत पानं मुबलक आणि तुलनेने स्वस्त मिळतात. ही क्रोमोलिथोग्राफ, म्हणजे दगडावरून, दर रंगाला वेगळा दगड घेऊन छापलेली. बडोदेकरांना हे तंत्र समजावून सांगायची गरज पडू नये. राजा रविवर्म्याचे ओलिओग्राफ याच कुळातले, आणि चित्रं छापून घरोघरी न्या ही सूचना त्याला करणारे सर टी. माधवराव बडोद्याचे दिवाण होते. आजीच्या देवघरातल्या जुन्या लक्ष्मीच्या तसबिरीवर दहापट भिंग धरून बघा: हाताने टाकलेले वेडेवाकडे ठिपके, एकावर एक चढलेले. तेच ठिपके त्या जर्मन माकडांवर दिसायला हवेत.

भिंगाखाली आणखी काय बघायचं, तेही सांगून ठेवतो. ठिपके ओळीने, फुलासारख्या ठरावीक नक्षीत दिसले की ती आधुनिक ऑफसेट छपाई. फवारल्यासारखे अतिसूक्ष्म निळे-गुलाबी-पिवळे कण म्हणजे इंकजेट. कोरीव चित्रात असे ठिपके नसतात, बहुतेक सलग रेघा असतात. कागद तिरका धरला तर शाई किंचित वर आलेली जाणवते. तांब्याच्या पट्टिकेचा दाब कागदावर उमटून चित्राभोवती एक दबलेली चौकट राहते, पण कडा छाटल्या असतील तर ती गेलेली असते, म्हणून ती नाही एवढ्यावरून पान नाकारू नये. दगडावरच्या छपाईत ती मुळात नसतेच. हाताने भरलेला रंग रेघेच्या थोडा आत-बाहेर होतो आणि कडेला साचून गडद होतो. डाव्या कडेला शिवणीची भोकं आणि समोरच्या पानावरच्या मजकुराची फिकट छाया दिसली तर आनंद माना, ते पान खरोखर पुस्तकातून आलं आहे. तांबूस ठिपके थोडे असले तर चालतील. ते चेहऱ्यावर आले असतील तर मात्र नको. घरी ब्लीच वगैरे करून ते घालवायला जाऊ नये, रंगही त्याबरोबर जातो.

आता आमची लाडकी वाट. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या मोफत संकेतस्थळावर असली जुनी पुस्तकं पानापानाने स्कॅन करून ठेवली आहेत आणि या पुस्तकांचे हक्क कधीच संपलेले आहेत. पडद्यावर दिसणारं लहान चित्र उतरवू नका, सर्वांत मोठी फाइल घ्या. मग गणित साधं: इंचाला तीनशे पिक्सेल. पाच बाय सात इंचांच्या छपाईला दीड हजार बाय एकवीसशे पिक्सेल पुरतात. ए-थ्रीला साधारण साडेतीन हजार बाय पाच हजार लागतात. फाइल कमी पडत असेल तर चित्र लहान छापा. सॉफ्टवेअरने फुगवलेल्या फाइलमध्ये केसांच्या जागी मेणासारखा गुळगुळीतपणा येतो, आणि माकड मेणाचं झालं की संपलं.

छपाईआधी कागदाच्या रंगाचा निर्णय करायला विसरू नका. स्कॅनमध्ये जुना कागद पिवळा दिसतो. तो पिवळा तसाच ठेवून वर किंचित पिवळसर पांढऱ्या कॉटन कागदावर छापलं तर पिवळ्यावर पिवळा चढतो आणि कावीळ झाल्यासारखं चित्र बाहेर येतं. एक तर पार्श्वभूमी उजळून कागदालाच कागदाचं काम करू द्या, नाही तर पिवळा ठेवून जुन्या पानाच्या फाटक्या कडा माउंटखाली झाका. फाटक्या कडेचा छापलेला फोटो माउंटच्या खिडकीतून दिसणं हा प्रकार फार केविलवाणा असतो.

कागद शंभर टक्के कॉटनचा, तीनशे जीएसएमच्या आसपास, चकाकी नसलेला. शाई पिगमेंटची, डायची शाई खिडकीजवळ लवकर विटते. छपाईवाल्याकडून आधी चार बाय सहा इंचांचा नमुना काढून घ्या, पण अख्खं चित्र लहान करून नव्हे. सर्वांत काळा भाग, म्हणजे तोंड आणि खांदा, खऱ्या मापात, त्याच कागदावर. चकाकी नसलेला कागद शाई पितो, त्यामुळे काळे भाग पडद्यावरच्यापेक्षा हमखास गडद येतात. सावल्या थोड्या उचलून दुसरा नमुना काढा आणि दोन्ही दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून बघा. बडोद्यात १९५० पासून फाइन आर्ट्सचं शिक्षण आहे, त्यामुळे 'मॅट कागद, पिगमेंट शाई, आधी नमुना' असं म्हटल्यावर समोरचा गोंधळत नाही अशी माणसं इथे सापडतात. विवाहाचे अल्बम छापणाऱ्या दुकानात मात्र चकचकीत कागद आणि 'थोडं शार्प करून देतो' हे ठरलेलं. ते 'शार्प' आधीच बंद करायला सांगा, कोरीव रेघेभोवती पांढरी कड येते.

फ्रेमच्या दुकानात खरी कसोटी लागते. आपले फ्रेमवाले देवांच्या तसबिरींवर तयार झालेले. हात साफ, कोपरे जुळवण्यात वाकबगार, पण एक सवय जीवघेणी: चित्र पांढऱ्या गोंदाने सबंध हार्डबोर्डवर चिकटवून टाकायचं, म्हणजे फुगे येत नाहीत. छपाई असेल तर वाया गेली समजा. मूळ पान असेल तर त्याची किंमत तिथल्या तिथे संपली. सांगायचं असं: चित्र फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, जपानी पातळ कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगायचं. बाकी कडा मोकळ्या. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारही बाजूंनी जखडला की मध्ये लाटा येतात. सेलोटेप अजिबात नको, पाच-सहा वर्षांत तिचा चिकटा तेलकट तपकिरी डाग होऊन पुढच्या बाजूला येतो.

माउंट आम्लरहित, दोन मिलिमीटरचा, हलक्या सायीच्या रंगाचा. जार्डिनच्या मापाचं उदाहरण घेऊ. खिडकी चार बाय सहा इंच, बाजूंना आणि वर अडीच इंच, खाली तीन. खालची पट्टी अर्धा इंच जास्त का, तर सारखी ठेवली की चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. म्हणजे आतलं माप नऊ बाय साडेअकरा. अर्धा इंची पट्टी लावली की बाहेरून साधारण दहा बाय साडेबारा, आणि दहा फुटी पट्टीतून अशा दोन फ्रेमा निघतात. सहा फ्रेमांना तीन पट्ट्या. पट्टी काळी किंवा सागाच्या रंगाची, साधी. सोनेरी वेलबुट्टी लावली की माकडं दरबारात उभी राहतात.

तीन-तीनच्या दोन ओळी, मध्ये दोन इंच, म्हणजे चौतीस इंच रुंदी आणि सत्तावीस इंच उंची. चार फुटी दिवाणावर हे बरोबर बसतं. सहा फुटी सोफ्यावर चार-चारच्या दोन ओळी करा, शेहेचाळीस इंच भरते. सगळ्या समूहाचा मध्य जमिनीपासून अठ्ठावन्न इंचांवर. आधी वर्तमानपत्राचे तुकडे फ्रेमच्या मापाचे कापून भिंतीवर चिकटवा, मगच ड्रिल. एक दृष्टीची गोष्ट: माकडं बहुतेक एका बाजूला तोंड करून असतात. डाव्या टोकाचं माकड उजवीकडे बघणारं आणि उजव्या टोकाचं डावीकडे बघणारं ठेवा. उलट झालं तर सगळी खोलीतून निघून चालल्यासारखी दिसतात.

काच दोन मिलिमीटरची साधी चालते, वजन दर चौरस मीटरला पाच किलो. मूळ पानाला अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक लावा. तरीही पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारचं ऊन पडतं तिथे, मूळ पान नकोच. संग्रहालयांत कागदावरच्या रंगांना पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड ठेवतात आणि आपल्या दिवाणखान्यात दुपारी त्याच्या कितीतरी पट असतो. मूळ पानांना आतल्या बोळाची किंवा उत्तरेकडची भिंत द्या, दिवाणखान्यात छपाई लावा. पाहुण्यांना फरक कळत नाही, आणि कळणारा पाहुणा बोळात जाऊन बघेलच.

शेवटी ओल. बाहेरच्या भिंतीवर चित्र टेकवून लावलं की मागे हवा फिरत नाही आणि श्रावण संपेपर्यंत पाठीवर बुरशी. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा, निदान पाच मिलिमीटर जागा राहायला हवी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ज्या तळमजल्यांत शिरलं, तिथल्या भिंती वरून कोरड्या दिसल्या तरी मूळ पानांच्या कामाच्या नाहीत. तिथे छपाईच लावा आणि पाठीला एमडीएफ टाळा, ती फुगते. दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक फ्रेम उतरवून उलटी करा. मागची कागदी टेप सुटली आहे का, कडेला चंदेरी पावडर किंवा कुरतडल्याच्या खुणा आहेत का, ते बघा. कसर स्टार्चच्या खळीवरच पहिली जाते. खूण दिसली तर टेप काढून आतून कोरड्या ब्रशने झाडा, फ्रेम दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवा आणि नवी टेप लावून मगच परत टांगा. काचेवर फवारा मारून पुसू नका. पाणी पट्टीच्या खाचेतून आत उतरतं आणि माउंटच्या खालच्या कडेला डागाची रेघ उमटते. फडक्यावर घेऊन पुसा.